टेलचं पाणी

हिवरगव्हाणात नावं ठेवण्यात कोणी कोणाला हार जात नाही. चांगला माणूस मरून गेला तरी त्याचं टोपणनाव चार पिढ्या मागं राहतं. पुंडलिक साळव्याच्या घराला मात्र नाव ठेवताना गावानं फार डोकं लढवलेलं नव्हतं. टेलवाले, बस. धरणाच्या पाटातून गावाची चारी निघते, गावच्या बड्या बागायतदाराच्या, तात्यासाहेबांच्या उसाला वळसा घालते, गावाच्या कडेनं बौद्धवस्तीच्या मागून जाते आणि पुंडलिकच्या मोसंबीच्या बागेपाशी संपते. जिथं संपते त्या जागेला पाटबंधारेचे साहेब लोक टेल म्हणतात. गावानं तो शब्द उचलला आणि त्याची शिवी केली. लग्नात पंगत बसायची वेळ आली की, "टेलवाले बसतील की शेवटच्या पंगतीला." ग्रामसभेत मागून कोणी तोंड उघडलं की, "कोण बोललं ते, टेलवाले का?" आता टेल म्हणजे शेपूट. बाजारात बैल घेतानासुद्धा माणूस दात बघतो, शेपूट कोण बघत बसतो.

पुंडलिकची बायको चंपाबाई, तिचं हा शब्द ऐकला की तोंड कडवट व्हायचं. शब्दाचं एक सोडा, टेलला जे पाणी यायचं ते बघवत नसायचं. वरचा ऊस पोटभर पिणार, मधल्यांचा कांदा पिणार, मग उरलंसुरलं खाली. ते येताना प्लॅस्टिकच्या पिशव्या, दारूच्या बाटल्या, एकदा तर फुगलेली मेलेली कोंबडी घेऊन आलं होतं. आधी हातानं हा कचरा काढायचा आणि मग झाडाला पाणी लावायचं, अशी ह्या घराची रीत पडून गेली होती.

ह्या वर्षी तेवढंसुद्धा आलं नव्हतं. पाऊस मधेच दगा देऊन गेला आणि होळीच्या आधीच विहिरीतली मोटर पाण्याऐवजी गाळ ओढायला लागली. बाग ऐन फळावर आलेली. झाडं लावून, पोरासारखी वाढवून, यंदा पहिल्यांदा फळ धरलं होतं, लिंबाएवढं. पानं कडेनं वळायला लागली तशी चंपाबाई आणि तिची सून निशा वस्तीच्या हापशावरून हंडे आणू लागल्या. झाडाच्या बुडाला पाचट टाकायचं आणि त्यावर तांब्यानं पाणी सोडायचं. हापसा चार दांड्यांना एक धार द्यायचा. चंपाबाईच्या टाचांना भेगा पडल्या, गुडघे उतरत्या पायवाटेवर कुरकुर वाजायचे. निशाचा नवरा संघपाल वाळूजला कंपनीत होता, तो फोनवर म्हणायचा, आई, सोड आता ती बाग. ती फोन निशाच्या हातात द्यायची आणि हंडा उचलायची.

"पाटाचं एक पाणी भेटलं ना, नीट भिजून," पुंडलिक रोज म्हणायचा, "तर बाग पावसाळा बघती. नाय भेटलं तर सरपण."

त्यात खोटं काही नव्हतं. एक पाणी, बाग जगली. नाही तर कुऱ्हाड.

अशात एक दिवस कचरू पाटकरी आला. पाटकरी म्हणजे चारीची दारं उघडणारा आणि लावणारा माणूस. पगार सरकारचा, शब्द तात्यासाहेबांचा. मोपेड बांधाला टेकवून तो म्हणाला, "पुंडलिककाका, नशीब उघडलं तुमचं. वरून हुकूम आलाय. ह्या उन्हाळ्याच्या पाळीला पाणी टेलकडून वर द्यायचं. आधी टेल, मग मधले, सगळ्यात शेवटी वरचे, मुंडीवाले. बैठक हाय संस्थेत, चला."

पुंडलिकचा विश्वासच बसेना. चंपाबाईचा तर मुळीच बसला नाही, पण ती गेली बरोबर.

पाणी वापर संस्थेची खोली म्हणजे तात्यासाहेबांच्या खताच्या दुकानाच्या मागची खोली. अध्यक्ष तेच, चिटणीस त्यांचा पुतण्या सोमनाथ. त्या दिवशी पाटबंधारेचे साहेब आले होते, पाठीमागं बॅनर लावला होता. साहेब बराच वेळ बोलले. समन्यायी वाटप, तळागाळातला शेतकरी, शेवटच्या घटकापर्यंत पाणी. मग तात्यासाहेब उठले आणि आजवर ज्याला 'ए पुंड्या' म्हणून हाक मारायचे, त्याला म्हणाले, "पुंडलिकराव, या, पुढं या. आजपासून टेल पहिला."

खुर्चीवर बसवलं. गळ्यात झेंडूचा हार घातला. फोटो काढला. पुंडलिक हार सावरत असा बसला, जसं काही नवरदेवच आहे. मग चहा आला. बाकी सगळ्यांना कपबशीत आला, पुंडलिकच्या हातात सोमनाथनं कागदी कप दिला. "कप कमी पडले," तो म्हणाला. कप नेमके कोणापाशी आल्यावर कमी पडतात, हे दारात उभ्या असलेल्या चंपाबाईनं उभ्या जन्मात बघितलं होतं. तिला तिथंच थुंकावंसं वाटलं. पण साहेब होते.

चहा संपता संपता तात्यासाहेबांनी हळूच विषय काढला. पुंडलिकच्या रानामागचा खडकाळ माळ त्यांनी घेतला होता. "चारी जराशी पुढं न्यायचीय माळापर्यंत. तुमच्या बांधातून वाट द्या. तुम्हालाच बरं, चारीत कायम ओल राहील."

आणि पुंडलिक हो म्हणाला. कोणाला विचारलं नाही, मागं वळून बायकोकडं बघितलंसुद्धा नाही. आता ह्याला चूक म्हणा, नाही तर संस्कार म्हणा. पाण्याला वाट मागितली तर नाही म्हणू नये, हे त्याच्या बापानं त्याला सांगितलेलं. ज्यांच्या वाडवडिलांना पाण्यापाशी जायला वाट नव्हती, त्यांना ती अडवणं फार मोठं पाप वाटतं. तात्यासाहेबांना हे पक्कं ठाऊक होतं.

घरी येऊन चंपाबाईनं तोंड सोडलं.

"बांध फोडायला हो म्हणून आलात?"

"पाण्याची वाट हाय ती. पाण्याला आडवं जाऊ नये माणसानं."

"पाण्याला नाय, तात्याला आडवं जायला तुमची जीभ उचलत नाय."

"अगं, हार घातला त्यानं. सगळ्या गावासमोर."

"बकऱ्यालाबी घालतात," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवसापासून पुंडलिक चारी साफ करायला लागला. पाणी येणार म्हटल्यावर त्याच्या अंगात वारं भरलं होतं. चारीत बेशरमाची झुडपं माजलेली. ती नावाप्रमाणेच, उपटावी तितकी फुटतात. निशा विळ्यानं कापायची, पुंडलिक कुदळीनं मुळं काढायचा, चंपाबाई गाळाची पाटी काठावर टाकायची. गाळाला नासक्या अंड्याचा वास. तळहाताला फोड आले, फुटले, त्यांवर पुन्हा फोड आले. नियमानं आपापल्या रानापुरती चारी ज्यानं त्यानं काढायची, पण वरचे कोणी फिरकले नाहीत. साळव्यांच्या घरानं वस्तीपर्यंतची सगळी काढली.

ते काढत होते तेव्हाच पोकलेन आलं. त्यानं एका सकाळीत बांध फोडून चारी माळावर नेली. मग माळच खणायला घेतला. चंपाबाईनं जाऊन ड्रायव्हरला विचारलं तर तो हिंदी-मराठी मिसळून म्हणाला, "तालाब है चाची. शेततळं. जारवाल्या पाण्यासाठी."

तात्यासाहेबांचा लासूर स्टेशनच्या रस्त्याला पाणी शुद्ध करायचा प्लांट होता. निळे जार भरून लग्नाला, बारशाला, दुकानांना, कचेऱ्यांना जायचे. बोअर आटला तसा तो बंद पडायला आला होता. चंपाबाईनं खड्डा बघितला. त्यात अख्खी वस्ती बसली असती. वरून काळं प्लॅस्टिक अंथरत होते, तळ्याच्या तोंडाशी चारीला लोखंडी दार बसवत होते. तिच्या डोक्यात काहीतरी वळवळलं, पण नेमकं काय ते तिला धरता येईना.

पाणी आलं ते भर दुपारी. आधी वास आला, ओल्या मातीचा आणि शेणाचा. मग फेस, काटक्या, आणि मागून गढूळ भरलेली धार. पुंडलिक चारीच्या कडेनं तिच्याबरोबर चालत आला. साफ केलेल्या चारीतून ते कुठं अडकलंसुद्धा नाही. बागेच्या दारापाशी आलं आणि पुढं गेलं. दाराला कुलूप होतं.

"कचरू," पुंडलिक म्हणाला, "दार उघड की बाबा."

कचरू मोपेडवरून उतरला नाही. "काका, टेल पहिलं. टेल भरल्याशिवाय वरच्याला द्यायचं नाय, हुकूम हाय."

"अरं मग उघड ना. आमीच टेल."

कचरूनं मान दुसरीकडं वळवली. "तुमी आता टेल नाय. चारी पुढं गेली ना. टेल आता तळ्यापाशी. तुमी वरचे."

उभ्या आयुष्यात साळव्यांना कोणी 'वरचे' म्हटलं नव्हतं. म्हटलं ते ह्या दिवशी. पुंडलिकच्या तोंडाचा आ तसाच राहिला. चंपाबाईला मात्र डोक्यात वळवळत होतं ते सगळं एकदम लख्ख दिसलं, हार, कागदी कप, राव, वाट, सगळं.

"तळं कव्हा भरंल?" तिनं विचारलं.

"पाळी संपेस्तोर भरलं तरी लई झालं, मावशी."

"मग आमचं?"

"पुढच्या पाळीला. तीबी झाली तर. धरणातलं राहिलेलं शहराला प्यायला राखून ठेवलंय म्हणतात."

कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ना, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच की ह्या कुंपणाला जागा साळव्यांनी स्वतःच्या हातानं दिली होती. पुंडलिक त्या दिवशी जेवला नाही. बागेत एका झाडाखाली जाऊन बसला आणि हातभर अंतरावरून जाणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत राहिला. निशानं चारीत हंडा बुडवला तर सोमनाथ काठीनं चारी ठोकत आला. पाणीचोरीचा गुन्हा होतो म्हणाला.

सकाळी चंपाबाई एकटीच एसटीनं तालुक्याला पाटबंधारेच्या कचेरीत गेली. बराच वेळ बाकड्यावर बसवून मग साहेबांनी आत घेतलं. तेच साहेब. कूलरचं वारं, टेबलावर काच, कोपऱ्यात स्टँडवर निळा जार.

"बाई, नियमाप्रमाणं टेलला पाणी पोचलेलं आहे," साहेब म्हणाले. "मी स्वतः अहवाल पाठवलाय. फोटोसकट. तुमचेच मालक आहेत फोटोत."

"आमच्या रानात थेंब नाय पोचला, साहेब."

"तुम्ही टेल आहात का?"

"परवापर्यंत व्हतो."

"मग. आता मधले. मधल्यांचा क्रम नंतर येतो." साहेब काही वाईट बोलत नव्हते. आवाजसुद्धा चढवला नाही. दात कोरत बोलावं तसं बोलत होते. "आणि चारीला वाट तुमच्या मालकांनी स्वखुशीनं दिली. कोणी जबरदस्ती केली नाही."

"वाट दिली व्हती साहेब. पाणी नव्हतं दिलं."

"पाणी घ्या बाई, उन्हातून आलात," साहेब जारकडं बोट करून म्हणाले.

घसा कोरडा पडला होता. पण जारवरचं तात्यासाहेबांच्या प्लांटचं नाव तिला ओळखू आलं. ती तशीच उठली. बाहेर आली तेव्हा शिपाई म्हणाला, "मावशी, अर्ज देऊन जायचा ना." तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

घरी आली ती सरळ फावडं घेऊन चारीवर. पुंडलिक मागून धावत आला.

"काय करती चंपे? फोडू नको, केस व्हईल."

"फोडत नाय. आपला बांध बुजवते. तुमी तोंडानं वाट दिली व्हती, मी हातानं माघारी घेते. चारी जिथं संपती तिथं टेल ना? मग इथं संपवते."

 पुंडलिकनं धोतर खोचलं आणि चारीत उतरला. फोडलेल्या बांधाचे दगड तिथंच पडले होते. ते लावले, वर मातीच्या गोण्या, मधे पाचट कोंबलं. निशा पदर कमरेला बांधून माती टाकत होती. पाणी अडलं, चढलं, कुलपाच्या दाराच्या वरून आपोआप कलंडलं आणि बागेत शिरलं. पहिल्या झाडाच्या आळ्यात ते गेलं तेव्हा कोरडी माती असा आवाज करून पाणी प्यायली की निशा हसायला लागली.

तळ्याची धार बंद पडली तशी मंडळी जमली. आधी कचरू, मग सोमनाथ, मग तात्यासाहेब. फोन गेला आणि ज्या साहेबांना टेलकडं बघायला कधी सवड नव्हती त्यांची जीपसुद्धा आली.

"सरकारी कालव्यात अडथळा," साहेब म्हणाले. "गुन्हा आहे हा."

"आमचा बांध हाय," चंपाबाई म्हणाली. "जुना हाय. विचारा गावाला."

सोमनाथला एवढा धीर नव्हता. त्यानं पुंडलिकच्या हातातलं फावडं हिसकलं आणि गोण्यांवर दोन घाव घातले. भगदाड पडलं, पाणी तळ्याकडं सुसाट निघालं, बागेतली धार लगेच बारीक झाली. पुंडलिक हात जोडून काहीतरी बोलायला लागला. चंपाबाईला त्या जोडलेल्या हातांची शिसारी आली. ती चारीत उतरली आणि भगदाडात फतकल मारून बसली.

गार पाणी कमरेपर्यंत आलं. लुगडं फुगून वर आलं, ते तिनं मांड्यांखाली दाबलं. पाठीवर पाण्याचा रेटा, ढुंगणाखाली टोकदार दगड. पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी वाट काढून तळ्याकडं जात होतं.

सोमनाथ पुढं आला. दोन हात पुढं केले आणि थांबला. मागं बघितलं. कचरूनंही पाय मागं घेतला.

"लेडीज पोलीस बोलवा," साहेब म्हणाले.

"लासूर स्टेशनहून येईस्तोर वेळ जाईल," कचरू म्हणाला.

"काकू, उठा," सोमनाथचा आवाज आता वेगळाच लागला. "प्यायचं पाणी हाय ते. जारला जातं."

"मंग?"

"मंग काय. तुमी बसल्या ना त्यात."

"वरती तुमच्या म्हशी बसल्यात पाटात, सकाळधरनं. मी येताना बघितल्या. त्यांचं चालतं का?"

सोमनाथनं खाली बघितलं.  तात्यासाहेबांनी घसा साफ केला. "तसं काही नाही चंपाबाई. आरोग्याचा प्रश्न आहे. लोकांच्या आरोग्याचा."

तेव्हा तिला कळलं. एसटीत शेजारी बसतात, मोर्च्यात जय भीम म्हणतात, निवडणुकीला पाया पडतात, पण हे आत तसंच आहे, बुडाशी बसलेल्या गाळासारखं. तिनं दोन्ही हातांनी पाणी घेतलं, तोंडात भरलं, खळखळून चूळ भरली आणि तळ्याच्या दिशेला थुंकली. मग पुन्हा भरली. तिसऱ्यांदा थुंकली तेव्हा तिच्या शेजारी निशा येऊन बसली. ती केस मोकळे सोडून वाहत्या पाण्यात धुवायला लागली.

सोमनाथनं चुलत्याच्या कानाला लागून सांगितलं, पण बाईमाणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "बोभाटा झाला ना तात्या, लग्नसराई हाय, एक जार कोणी हातात धरणार नाय."

तात्यासाहेबांनी एकदा तळ्याकडं बघितलं. मग तोंड वाकडं करून म्हणाले, "कचरू, तळ्याकडचं दार लाव. ते पाणी नको आता आत. ह्यांचं ह्यांना जाऊ दे."

"म्हणजे पाळी?" साहेबांनी विचारलं.

"घालू द्या बागेला. संपेपर्यंत."

साहेबांनी खिशातला पेन काढला, परत ठेवला. "ठीक आहे. टेलला पाणी पोचलं, असंच होतं अहवालात," ते म्हणाले आणि जीपकडं गेले. कचरूनं तळ्याकडचं दार लावलं, बागेच्या दाराचं कुलूप काढलं आणि चंपाबाईकडं न बघता मोपेड चालू केली.

पाणी बागेत फिरलं. संध्याकाळपर्यंत अर्धी बाग भिजली, उरलेली रात्रीतून भिजणार होती. पुंडलिक ह्या आळ्यातून त्या आळ्यात पळत होता. पायाला चिखल, तोंडभर हसू.

"भेटलं ना पाणी," तो म्हणाला. "जिंकलीस की गं चंपे. जगली बाग."

चंपाबाई ओल्या लुगड्यानं काठावर उभी होती. दगडानं मांडीचं सालटं गेलं होतं, ते झोंबत होतं. घरात अंग धुवायला पाणी नव्हतं. तोंडात अजून त्या चुळीची गढूळ चव होती आणि ती काही केल्या जात नव्हती.

"कशानं भेटलं, कळलं का तुमाला?"

पुंडलिकचं हसू गेलं. कळलं नसतं असं नव्हतं.

"भेटलं म्हणू नका," ती म्हणाली. "हक्काचं मागायला गेले तर नाय दिलं. आपला विटाळ झाला म्हणून टाकून दिलं. ते टाकलेलं आपल्या रानात आलं."

 पुढचं आळं काठोकाठ भरून वरून वाहायला लागलं होतं. चंपाबाईनं त्याच्या हातातलं फावडं घेतलं, तोंडातली थुंकी गिळली आणि वाकून शेजारच्या झाडाचं आळं उघडलं.